करवतीच्या पट्टीतली गाणी

मित्रांनो, माझ्यावर फुलदाणी ठेवलेली आहे म्हणून मला टेबल समजू नका. मी एक जुनी पायपेटी आहे. माझ्या पोटात चामड्याचा भाता आहे. वाजवणाऱ्याने खाली पायडल मारले की भात्यात हवा भरते. वर बोटाने पट्टी दाबली की ती हवा पितळेच्या एका पातळ जिभेवरून जाते. जीभ थरथरते आणि सूर निघतो. पाय थांबले की मी मुकी.

मला दोघा भावांनी मिळून घडवले. थोरला सुतार होता, धाकटा सूर लावायचा. दोघांचे एकाही गोष्टीवर कधी एकमत झाले नाही. थोरला माझ्या कडांवर वेलबुट्टी कोरत बसला की धाकटा वैतागायचा.

"दादा, पेटी ऐकायची असते. तू तिला नवरीसारखी काय सजवतोस?"

"अरे, लोक आधी बघतात, मग ऐकतात."

"आंधळेही चर्चला जातात, दादा."

शेवटी थोरल्याने वेलबुट्टी अर्धी सोडली आणि धाकट्याने माझे सूर पुन्हा एकदा लावले. म्हणून माझी डावी बाजू नक्षीदार आहे आणि उजवी साधी. पण आवाज दोन्ही बाजूंना सारखा आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. नंतर ज्यांनी ज्यांनी मला उघडले, त्यांनी तसे म्हटले आहे.

तिथून मी या प्रार्थनामंदिरात आले. मंदिर म्हणजे एक लांबट खोली. पत्र्याचे छप्पर, चुन्याच्या भिंती, समोर व्यासपीठ, दोन्ही बाजूंना बाक. मागे एक छोटी खोली. त्या खोलीत जी बाई राहायची तिच्या हवाली मला केले गेले.

तिला सगळे पेटीबाई म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला चांगले नाव ठेवले होते, पण ते उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांखेरीज कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. तिला नवरा नव्हता, मूल नव्हते. आठवडाभर ती शाळेचे गणवेश शिवायची. म्हणजे सहा दिवस शिवणयंत्राचे पायडल आणि रविवारी माझे. तिच्या पायांना थांबायचे ठाऊकच नव्हते. शनिवारी संध्याकाळी ती मला पुसायची, माझे झाकण उघडायची, एकेक पट्टी दाबून बघायची आणि माझ्याशी बोलायची.

"काय गं, घसा बसलाय वाटतं आज? उद्या मला तोंडघशी पाडू नकोस हं."

मी तिला कधी तोंडघशी पाडले नाही. ती माझ्या कामाची वर्षे होती. लग्ने झाली, बाळांना आशीर्वाद मिळाले, शवपेट्या निघाल्या. सगळ्यांत मी वाजले. लोक बाहेर पडताना म्हणत, "पेटी काय गोड आहे!" पेटीबाई खाली मान घालून माझे झाकण लावायची. स्तुती झाली की ती नेहमी तसेच करायची.

आता वखारीविषयी सांगते.

आमच्या भिंतीला लागून पलीकडे लाकडाची वखार होती. तिथे मोठी गोल करवत होती. ट्रकमधून ओंडके यायचे, करवतीतून फळ्या होऊन जायचे. मालकाला सगळे वखारवाले म्हणत. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, आणि कामाला पक्का माणूस. त्याचा धंदा वाढला तशी त्याला जागा अपुरी पडू लागली. ट्रक वळवायला अडचण व्हायची. त्याची नजर आमच्या मंदिरावर गेली.

आधी तो रीतसर आला. टोपी काढून बसला. म्हणाला, "पाळकसाहेब, तुमची मंडळी मूठभर. मोठ्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये सहज मावतील. ही जागा मला द्या. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

पाळकसाहेब म्हातारे होते आणि त्यांना कमी ऐकू यायचे. त्यांनी त्याला दोनदा बोलायला लावले आणि मग शांतपणे म्हणाले, "नको."

"विचार तरी करा."

"केला. नको."

पुढच्या रविवारी आम्ही पहिले गीत सुरू केले. मी पहिला सूर दिला, लोक उभे राहिले, आणि पलीकडे करवत सुरू झाली. पत्रा थरथरू लागला. व्यासपीठावरचा पाण्याचा पेला थरथरू लागला. गीताचा एक शब्द कोणाला ऐकू आला नाही. उपासना संपली आणि करवत थांबली. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. माझा पहिला सूर निघाला की त्याचे बटण दाबले जायचे.

मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. रविवारी वखारीतल्या कामगारांना सुट्टी असायची. करवत चालवायला वखारवाले स्वतः यायचे, एकटे. कापायला फारसे लाकूडही नसायचे, नुसती करवत फिरत ठेवायची. आम्हाला छळण्यासाठी तो माणूस स्वतःची सुट्टी मोडत होता, तीही न चुकता. उपासनेला इतक्या नेमाने येणारे आमच्या मंडळीतही थोडेच होते.

ते थोडेसुद्धा कमी होऊ लागले. लहान मुलांच्या आया आधी गेल्या, कारण मुले रडायची. मग म्हातारे गेले. बाक रिकामे दिसू लागले. मंडळीचे कारभारी म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचा भाड्याने देण्याचा टेम्पो होता आणि त्यांना स्पष्ट बोलायची सवय होती. एके दिवशी उपासनेनंतर ते म्हणाले, "पाळकसाहेब, हे असं किती दिवस? आपण त्याला पुरे पडणार नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसू आणि ठरवून टाकू. द्यायची तर देऊन टाकू जागा."

"आणि मागची खोली?" नर्सताईंनी विचारले. त्या सरकारी दवाखान्यात होत्या आणि रविवारची पाळी बदलून उपासनेला यायच्या.

कारभाऱ्यांनी पेटीबाईकडे पाहिले आणि नजर वळवली. "बाईंची काहीतरी सोय बघू."

काहीतरी सोय म्हणजे काय, ते सगळ्यांना कळले. तिचे छप्पर जाणार होते, आणि तिची पेटीही. मोठ्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये वाजवायला त्यांचा माणूस होता.

त्या आठवड्यात ती भरदुपारी शिवण टाकून माझ्याकडे आली. वाजवायला नव्हे. स्टुलावर बसली, दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले आणि प्रार्थना करू लागली. पलीकडे करवत चालू होती, म्हणून ती मोठ्याने बोलली. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"प्रभू, तू आहेस ना? मग त्याला गप्प कर. त्याची ती करवत मोडून टाक. त्याला एकदा कळू दे, आमच्या मागे कोण आहे ते."

पाळकसाहेब दारात उभे होते. ते व्यासपीठावरचा पेला न्यायला आले होते. त्यांना सहसा काही ऐकू येत नसे, पण एवढे बरोबर ऐकू आले.

"पेटीबाई," ते म्हणाले, "ही अर्धी प्रार्थना झाली."

ती दचकली. "साहेब, मी चुकीचं बोलले का?"

"चुकीचं नाही. संकटात ओरडायचं नाही तर काय करायचं? पण आपल्याकडची रीत विसरलीस."

ही रीत त्या मंडळीत जुनी होती. जो कोणी आपल्या विरोधात उभा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करायची ती मोघम करायची नाही. त्याला नेमके काय हवे आहे, ते एक मागायचे. त्याच्या घराचे छप्पर गळत असेल तर छप्पर. त्याला खोकला असेल तर खोकल्याला उतार. "याचं भलं कर" एवढे म्हणून सुटायचे नाही. आणि नेमके मागायचे तर आधी त्या माणसाकडे नीट बघावे लागते.

"त्याला काय कमी आहे साहेब?" पेटीबाई म्हणाली. "लाकडं आहेत, ट्रक आहेत, आवाज आहे."

"बघितलंस का कधी?"

"त्याच्याकडे बघवत नाही मला."

"मग आधी बघ. आणि भिऊ नकोस. ज्या प्रभूनं मेल्यावर तिसऱ्या दिवशी कबर आतून उघडली, त्याला एका वखारीचं काय? शेवट कसा आहे ते आपल्याला आधीच सांगितलेलं आहे. आपण जिंकणाऱ्याच्या बाजूला बसलोय. म्हणून तर बघायला वेळ आहे आपल्याला. जो हरणार असतो त्याला वेळ नसतो."

पाळकसाहेब पेला घेऊन निघून गेले. पेटीबाई उठली. मग ती मागच्या अंगणात गेली आणि भिंतीपलीकडे पाहून परत आली.

रविवारी तिने भिंतीपलीकडे पुन्हा पाहिले. उपासनेत विरोधकांसाठी प्रार्थनेची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी विचारले, "वखारवाल्यांसाठी कोणी काय मागणार?"

"अक्कल," कारभारी पुटपुटले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

पेटीबाई उठली. "रविवारी त्यांच्यासोबत वखारीत कोणी नसतं," ती करवतीच्या वरताण आवाज चढवून म्हणाली. "उभ्याउभ्या डबा खातात. पाणी द्यायलाही माणूस नाही. त्यांना सोबत मिळू दे."

कोणी हसले नाही. नर्सताईंनी "आमेन" म्हटले.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली. प्रार्थनेनंतर गीत होते. पेटीबाई माझ्यावर हात ठेवून थांबली. पाय चालू, बोटे थांबलेली. ती ऐकत होती. लाकूड नसताना ती करवत एकाच सुरात घुमायची, अगदी स्थिर. इतके रविवार आम्ही सगळे त्या आवाजाशी झगडत होतो. तो कोणत्या सुरात आहे हे पाहायचे कोणाला सुचले नव्हते. पेटीबाईने एक पट्टी दाबली. नाही. शेजारची दाबली. नाही. मग काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला असे कधी वाटले नव्हते. माझा सूर आणि तो आवाज एकमेकांत मिसळून गेले. भिंत मध्ये नव्हतीच जणू. गायला बसणाऱ्याच्या मागे तंबोरा असतो ना, तशी ती करवत आमच्या मागे उभी राहिली. पेटीबाईने ते गीत नेहमीच्या पट्टीतून उचलले आणि काळी दोनमध्ये धरले. लोकांना आधी कळले नाही. मग एकेक आवाज त्यात येऊन बसू लागला. कितीतरी दिवसांनी मंडळीने एकमेकांचे गाणे ऐकले.

मध्येच पलीकडे ओंडका लागायचा आणि करवत किंचाळायची. तेव्हा आम्ही थांबायचो, श्वास घ्यायचो. ओंडका संपला की पुढचे कडवे.

वखारवाल्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. उपासनेनंतर पेटीबाई मागच्या अंगणात गेली तेव्हा ते भिंतीवरून डोकावले.

"काय हो बाई, माझ्या करवतीवर गाताय?"

"तुम्ही सूर देता, आम्ही घेतो," पेटीबाई म्हणाली.

"करवतीला विचारलंत का?"

"ती नाही म्हणाली नाही."

वखारवाल्यांना हसू आले असावे, कारण त्यांनी पटकन तोंड फिरवले. पण ते हार मानणारे नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी करवतीचे पाते बदलले. मोठे पाते लावले. सूर खाली गेला. पेटीबाईने पहिल्या कडव्यात चाचपडून दुसऱ्या कडव्यात तो पकडला. पुढे त्यांनी तिसरेच पाते लावले. तोही पकडला. पाते बदलायचे म्हणजे घाम काढणारे काम. ते एकटे करायचे. आम्ही भिंतीच्या अलीकडे पान्याचा आवाज ऐकायचो आणि आज कोणती पट्टी येते याची वाट बघायचो. गेलेल्या काही आया मुलांना घेऊन परत आल्या. मुलांना आता मजा वाटायची.

तरी शेवटचा रविवार यायचा तो आलाच. कारभाऱ्यांचे मत बदललेले नव्हते. "गंमत ठीक आहे," ते दारात म्हणाले, "पण असा संसार किती दिवस करायचा? एक जण बटण दाबणार आणि आपण नाचणार? आज सोक्षमोक्ष लावू." उपासना, आणि मग बैठक, असे ठरले होते.

पेटीबाई स्टुलावर बसली. तिचे पाय गार होते. पायडलवर पाय ठेवला की मला ते कळते. तिने पहिला सूर दिला. लोक उभे राहिले.

करवत सुरू झाली नाही.

तिने सूर धरून ठेवला. भाता भरत राहिला, रिकामा होत राहिला. पलीकडे काही नाही. सकाळी आम्ही सगळ्यांनी वखारीचे दार उघडल्याचा आवाज ऐकला होता. ओंडके हलवल्याचा आवाज ऐकला होता. आणि आता काही नाही.

बाकांवर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, "बंद पडली!" कोणी म्हणाले, "प्रभूने ऐकलं!" कारभाऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. ते हात वर करून म्हणाले, "पाळकसाहेब, आधी उपकारस्तुती घ्या. आज शत्रूचं तोंड बंद झालं."

पेटीबाईचे पाय थांबले. माझा सूर विरून गेला. ती उठली.

त्या मंडळीत आशीर्वाद झाल्याशिवाय कोणी जागा सोडत नसे. पेटी वाजवणाऱ्याने तर नाहीच.

"बाई, निघालात कुठे?" कारभारी म्हणाले. "देवानं तोंड बंद केलं त्याचं."

"देवानं केलं की दुसऱ्या कशानं, ते बघून येते," ती म्हणाली. "तो माणूस एकटा असतो तिथे." आणि ती गेली.

मी जागची हलू शकत नाही. पुढचे मला नंतर ऐकून कळले. पेटीबाईने, नर्सताईंनी आणि कारभाऱ्यांनी तीन तऱ्हांनी सांगितले. तिघांत जे जुळले तेवढेच सांगते.

वखारीत ओंडक्यांची थप्पी घसरली होती. वखारवाले करवतीकडे येत असताना सर्वांत वरचा ओंडका सुटला आणि त्यांच्या मांडीवर येऊन बसला. ते पालथे पडले होते. ओरडायचा प्रयत्न करत होते, पण छाती भुशात रुतलेली, तोंडात भुसा गेलेला, आवाज निघत नव्हता. ज्याच्या आवाजाने गल्ली हलायची, त्याचा आवाज फाटकापर्यंतही पोचत नव्हता. वखार मोठी, दार आतून ओढून घेतलेले. सोमवारी सकाळी कामगार आले असते तेव्हाच कोणाला तरी कळले असते.

पेटीबाई दार ढकलून आत गेली आणि थबकली. तिला तिची प्रार्थना आठवली. त्याला गप्प कर, असे तिनेच म्हटले होते. नर्सताई सांगतात, आम्ही पोचलो तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता, पण ती गुडघे टेकून बसली होती आणि त्यांच्या तोंडातला भुसा बोटांनी काढत होती.

"पेटी का थांबली?" वखारवाल्यांनी विचारले. हे त्यांचे पहिले शब्द.

"तुमची करवत थांबली म्हणून."

"मला वाटलं... तुम्ही गात बसाल."

"बोलू नका आता."

सगळी मंडळी तिच्या मागोमाग आली होती. नर्सताईंनी कोणाला त्यांचा पाय ओढू दिला नाही. तिथेच एक पहार पडली होती. ती ओंडक्याखाली घातली. कारभाऱ्यांनी अंगातला रविवारचा कोट काढून भिंतीवर टाकला आणि खांदा लावला. "सगळे एकदम हं," ते म्हणाले. "कोणी शहाणपणा करू नका. मी म्हणेन तेव्हा." ओंडका जरासा उचलला, तेवढ्यात नर्सताईंनी आणि पेटीबाईने वखारवाल्यांना बाहेर घेतले. व्यासपीठावरचा पांढरा कपडा फाडून जखम बांधली. कारभाऱ्यांनी टेम्पो थेट वखारीत आणला. मागे फळी टाकून त्यांना झोपवले. दवाखान्यापर्यंत पेटीबाई त्यांचे डोके धरून बसली.

त्या दिवशी बैठक झाली नाही. आशीर्वादही झाला नाही. मी उघडीच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब आले तेव्हा ती माझ्यासमोर बसून रडत होती.

"साहेब, मी मागितलं होतं ते झालं. त्याला गप्प कर म्हणाले होते मी."

पाळकसाहेब बाकावर बसले. त्यांनी कानामागे हात धरला, म्हणजे नीट ऐकू यावे.

"पेटीबाई, त्याला ओंडक्यानं गप्प केलं. थप्पी नीट रचली नव्हती म्हणून. देवानं काय केलं, सांगू? देवानं तुला स्टुलावरून उठवलं. यात त्याचं काम कोणतं, ते नीट ओळख. त्याच्या नावावर ओंडके खपवू नकोस."

ती डोळे पुसत म्हणाली, "मग जिंकलं कोण?"

"ज्यानं त्या दिवशी एक माणूस वाचवला, तो. आपण त्याच्या बाजूला बसलो होतो, एवढंच." मग ते थोडे हसले. "आणि तू त्याच्यासाठी सोबत मागितली होतीस. मिळाली की अख्खी मंडळी."

वखारवाल्यांचा पाय वाचला. थोडा आखूड झाला, पण वाचला. ते दवाखान्यात असेपर्यंत पेटीबाई आणि नर्सताई आळीपाळीने जाऊन यायच्या. कारभारीही जायचे. जाऊन भांडायचे. "थप्पीला पाचरी लावत नाही म्हणजे काय? एवढा धंदा करता!" वखारवाले म्हणायचे, "तुम्हाला काय कळतं लाकडातलं?" दोघांचे असे छान जमले.

मधल्या रविवारी वखार गप्प असायची आणि आमचे गाणे बिघडायचे. इतक्या दिवसांत मंडळीला मागून सूर मिळायची सवय झाली होती. कोणी वर जायचे, कोणी खाली. पेटीबाई मला जोरजोरात वाजवून सगळ्यांना ओढून आणायची.

मग एका रविवारी पहिल्या गीताआधी दारात काठी वाजली. वखारवाले उभे होते. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या. कारभारी उठून त्यांच्यासाठी जागा करू लागले, तर त्यांनी हातानेच नको म्हटले.

"पाळकसाहेब," ते मोठ्याने म्हणाले, म्हातारबुवांना ऐकू यावे म्हणून, "जागा मला हवीच आहे. खोटं कशाला बोलू? अडचण अजून आहे तशीच आहे. पण आता मागायला जीभ उचलत नाही. मी पुन्हा मागणार नाही. आणि रविवारी करवत चालणार नाही. तेवढं सांगायला आलो."

पाळकसाहेबांना यावेळी दोनदा सांगावे लागले नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले.  पेटीबाईची खोली राहिली होती. मंदिर राहिले होते. पण ती तिकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"आलात तर उभे का?" ती म्हणाली. "गा आमच्याबरोबर."

"मला कुठे येतं गाणं? मला आपला एकच सूर माहीत."

"तोच हवाय आम्हाला."

बाकांवर हशा पिकला. वखारवाले लाजले. असा आडवा माणूस लाजताना मी पहिल्यांदा पाहिला. पेटीबाईने काळी दोन दाबली आणि धरून ठेवली. दारातून एक जाड, खरखरीत आवाज आला. शब्द नव्हते, नुसता हुंकार, पण अगदी त्याच सुरात, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. मंडळीने त्यावर गीत उचलले. कडवे बदलले तरी तो आवाज हलला नाही. कारभाऱ्यांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखे केले.

वखारवाले पुढे बरीच वर्षे यायचे. आधी दारात, मग शेवटच्या बाकावर. प्रभूवर त्यांनी कधी विश्वास ठेवला, कोणत्या दिवशी, हे मला ठाऊक नाही. त्यांनीही कोणाला सांगितले नाही. एका वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला एवढे मात्र मी स्वतः पाहिले, कारण त्या वेळी मीच वाजत होते.

पाळकसाहेब गेले. पेटीबाईही गेली, म्हातारी होऊन, आपल्याच खोलीत, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे. आता इथे विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. तो चांगला आहे, त्याचा राग करायचे मला कारण नाही. मी कोपऱ्यात आहे. माझ्या भात्याचे चामडे कडक होत चालले आहे. कसरीने आतले लोकरीचे कापड खाल्ले आहे. दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. चामड्याचे असेच असते, मित्रांनो. त्यात हवा खेळत राहिली तर ते मऊ राहते, नाही तर चिरते. माणसाच्या मनाचेही तसेच असावे, असे मला वाटते.

म्हणून तुमच्याकडे माझे मागणे आहे. तुमच्यातही कोणाच्या ना कोणाच्या विरोधात कोणीतरी उभे असेल. शाळेत असेल, शेजारी असेल, घरातही असेल. त्याला भिऊ नका. तुमचा प्रभू त्याच्यापेक्षा मोठा आहे आणि तो हरत नाही. हे मी या खोलीत राहून पाहिले आहे. पण तो जिंकेल तेव्हा ते तुमच्या मनातल्यासारखे दिसेलच असे नाही, म्हणून डोळे उघडे ठेवा. त्या माणसाकडे नीट बघा आणि त्याच्यासाठी एक नेमकी गोष्ट मागा. आणि एखाद्या दिवशी तो अचानक गप्प झाला, तर टाळ्या वाजवू नका. आधी उठून बघून या.

आणि वेळ मिळाला तर माझे झाकण उघडा. धूळ पुसा. वाजवता येत नसले तरी चालेल, नुसते थोडे पायडल मारा. सुरुवातीला मी धापा टाकीन, खोकेन. घाबरून उठू नका. थोडा धीर धरा आणि पाय चालू ठेवा.